पहिल्या भागात फक्त भात

जेवणावरचे मांगा (जपानी कॉमिक्स) म्हणजे नुसत्या कुकिंग स्पर्धा असं म्हणताय, पण 'अमाअमा तो इनाझुमा' हा मांगा वाचून बघा प्लीज. बायको वारलेला गणिताचा शिक्षक आणि त्याची छोटी मुलगी त्सुमुगी, घरी विकतचेच डबे, आणि एकदा ती टीव्हीवर मांसाच्या पदार्थाची जाहिरात बघून म्हणते की आईला कळव ना हे करायला, तिथे मला पुढचं पान उलटवेचना. मग तो तिला घेऊन पळत एका हॉटेलात जातो तर तिथे त्याचीच विद्यार्थिनी कोतोरी, जिला सुरीची भीती वाटते, ती मातीच्या भांड्यात नुसता भात लावते. भातच! पण तो खाताना त्सुमुगीचा चेहरा बघा. १२च खंड आहेत, २०१९ला संपलं. आणि हो, ढोबळी मिरचीवाला भाग अजिबात सोडू नका, आमच्याकडेही ती खाण्यावरून सेम भांडण असतं.