बाँड मेला. पुढचा चित्रपट कुठून सुरू करायचा?

कृष्णाकाठ, सांगली

'नो टाइम टू डाय'मध्ये (२०२१) बाँड क्षेपणास्त्रांखाली मेला, आणि नामावली संपल्यावर 'जेम्स बाँड परत येईल' ही नेहमीची पाटीही आली. आता मालिकेची सूत्रं ॲमेझॉनकडे आहेत, दिग्दर्शक डेनी विल्नव्ह आणि लेखक स्टीव्हन नाइट. नट कोण यावर सगळे भांडतायत, कथेवर कुणी बोलत नाही.

माझं म्हणणं असं. मृत्यूचा खुलासा करायचा नाही आणि बाँड 'बाँड कसा झाला' हेही दाखवायचं नाही. पहिल्याच दृश्यात तो पस्तिशीचा, सात-आठ वर्षं नोकरी झालेला अधिकारी असावा. सुरुवात 'कसिनो रोयाल'ने (२००६) दाखवून झाली आहे: कृष्णधवल दोन खून, डबल-ओ दर्जा म्हणजे मारण्याचा परवाना, मग प्रेयसी व्हेस्पर. ते पुन्हा काढलं तर तुलना थेट त्याच्याशी होणार, आणि त्यात हार ठरलेली.

पाया म्हणून बाँडचा जनक फ्लेमिंग याची 'मूनरेकर' (१९५५) कादंबरी घ्या. १९७९च्या चित्रपटाने तिचं नाव आणि खलनायक तेवढा घेतला आणि बाकी सगळं अवकाशात नेलं. मूळ कथेत ह्यूगो ड्रॅक्स हा ब्रिटनचा लाडका कोट्यधीश, देशाला क्षेपणास्त्र बांधून देणारा. बाँडचा वरिष्ठ एम. याला खटकतं ते भलतंच: हा माणूस क्लबात ब्रिज खेळताना लबाडी करतो. पत्ते वाटताना पुढ्यातल्या चांदीच्या सिगारेट केसमध्ये पानांचं प्रतिबिंब बघतो. बाँड ते ओळखतो आणि आधीच लावून ठेवलेला कॅट पुढे करून त्याला धुऊन काढतो. इथून गोष्ट क्षेपणास्त्राच्या तळावर जाते. सोमवार ते शुक्रवार, सगळं इंग्लंडमध्येच. लक्ष्य लंडन आहे हे कळल्यावर बाँड आणि तिथली गुप्त पोलीस गाला ब्रँड दिशा धरून ठेवणाऱ्या जायरोस्कोपची मापं बदलून ते उत्तर समुद्रात पाडतात.

खासगी रॉकेट कंपन्यांचे मालक सरकारच्या मांडीला मांडी लावून बसतात त्या काळात यात बदलायचं काय? जायरोस्कोपच्या जागी दिशादर्शक सॉफ्टवेअर. बस.

अजिंक्यतारा, सातारा

पाया मान्य, काळ अमान्य. 'मूनरेकर' करायची तर १९५५मध्येच करा.

कारण आजचा बाँड खोट्या नावानं विमानतळाबाहेरसुद्धा पडू शकत नाही. जानेवारी २०१०मध्ये दुबईच्या हॉटेलात हमासच्या महमूद अल-मबहूहचा खून झाला. काही आठवड्यांतच दुबई पोलिसांनी विमानतळापासून हॉटेलच्या मजल्यापर्यंतचं चित्रण जोडून जगापुढे ठेवलं. टेनिसच्या कपड्यांत लिफ्टमध्ये शिरलेली जोडीसुद्धा दिसली. दुसऱ्यांच्या नावाचे पासपोर्ट एकगठ्ठा उघडे पडले. २०१८ला इंग्लंडातल्या सॉल्सबरीत माजी रशियन हेर स्क्रिपालवर विषप्रयोग झाला त्यातही तेच, कॅमेरे आणि प्रवासाच्या नोंदी. आता बोटांचे ठसे, चेहऱ्याची ओळख आणि पासपोर्टातली चिप आली. एकदा एका नावानं नोंद झाली की तोच चेहरा दुसऱ्या नावानं त्या देशात जाऊ शकत नाही. आणि आमचा नायक खऱ्या नावानं ओळख देत फिरतो!

१९५५मध्ये हे प्रश्नच नाहीत. रेशनिंग नुकतंच, जुलै १९५४ला, संपलेलं. बर्जेस आणि मॅक्लीन हे सोव्हिएतांना फितूर ब्रिटिश अधिकारी १९५१ला पळालेले, म्हणून खात्यात प्रत्येकाला शेजारच्या टेबलावरचा माणूस संशयित वाटतो. एम.आय.६ नावाचं बाँडचं हेरखातं आहे हे ब्रिटिश कायद्यात आलं थेट १९९४ला, त्यामुळे बाँड पकडला गेला तर सरकार हात झटकणार हे त्या काळात खरंच खरं होतं. हा ताण फुकट मिळतोय, तो का सोडायचा?

कृष्णाकाठ, सांगली

दुबईचं उदाहरण उलट माझ्या बाजूचं आहे की हो. अडचण म्हणजेच कथा. बाँडला खोटं नाव घेता येत नाही, तर तो खऱ्या नावानं आणि उघड कारणानं ड्रॅक्सच्या तळावर जाऊ दे. कादंबरीत तो असाच जातो, सुरक्षा अधिकाऱ्याच्या रिकाम्या जागेवर. आधीचा अधिकारी मारला गेलेला असतो. फोन घरी ठेवून निघालं की सुटलो असं पटकथाकारांना वाटतं, तेही चूक. रोज चालू असलेला फोन नेमका त्याच रात्री चार तास हलत नाही, हीच नोंद शत्रूला पुरते. यावर एक प्रसंग लिहा, पाठलागाच्या तीन गाड्या वाचतील.

आणि जुना काळ घेतला की तो एकाच चित्रपटापुरता बरा दिसतो. दुसऱ्यापासून टोप्या, सिगारेटी आणि बेंटलीच बघत बसावं लागतं.

मिरज जंक्शन

तुम्ही दोघंही प्रेक्षकाला विसरभोळा धरून चाललाय. पाच चित्रपट, पंधरा वर्षं एक माणूस दाखवला, त्याला मुलगी दिली, त्याला मारला. आता 'हे काही झालंच नाही' म्हणायचं? शेवटच्या चित्रपटात नोमी या नव्या एजंटला ००७ क्रमांक दिला होता तो कशाला?

परत आणायचाच तर फ्लेमिंगनेच वाट करून ठेवली आहे. 'यू ओन्ली लिव्ह ट्वाइस' या कादंबरीच्या (१९६४) शेवटी बाँड मेला असं समजून मृत्युलेख छापून येतो. प्रत्यक्षात त्याची स्मृती गेलेली असते आणि तो व्लादिवोस्तोकच्या दिशेनं निघतो. पुढच्या कादंबरीत सोव्हिएत लोकांनी मेंदू धुतलेला बाँड लंडनला येतो आणि एम.च्याच खोलीत त्याच्यावर सायनाइडचा फवारा मारतो. छतातून काचेचा पडदा खाली येतो म्हणून एम. वाचतो. हा प्रसंग आजवर एकाही चित्रपटानं घेतलेला नाही. याच्याहून चांगली सुरुवात सांगा.

अजिंक्यतारा, सातारा

सुरुवात झकास, पण या बाँडला चालत नाही. त्याच्या अंगात हेराक्लीस या जैवशस्त्राचे नॅनोबॉट्स, म्हणजे सूक्ष्म यंत्रं, शिरलेत. ते निघत नाहीत, आणि प्रेयसी माडलेन किंवा मुलगी माटील्डला स्पर्श केला तर त्या मरतात. तो बेटावर थांबतो ते याच कारणानं. जिवंत आणला तर एक तर औषध शोधावं लागणार, म्हणजे बलिदान फुकट गेलं. नाहीतर तो आयुष्यभर मुलीपासून दूर, म्हणजे पुढच्या प्रत्येक चित्रपटात तेच रडगाणं.

कृष्णाकाठ, सांगली

सलगतेनं काय होतं ते 'स्पेक्टर'मध्ये (२०१५) दिसलं. स्पेक्टर ही गुन्हेगारी संघटना आणि तिचा म्होरक्या ब्लोफेल्ड वापरण्याचा वाद त्यांच्यावर हक्क सांगणाऱ्या केव्हिन मॅक्लॉरीच्या वारसांशी मिटला २०१३ला. 'स्कायफॉल' आला २०१२ला. म्हणजे त्यातला खलनायक सिल्वा लिहिला तेव्हा स्पेक्टर हातात नव्हतंच. तरीही पुढच्या चित्रपटात ल शिफ्र, ग्रीन, सिल्वा हे आधीचे खलनायक सगळे एकाच ब्लोफेल्डचे नोकर ठरवले, आणि तो ब्लोफेल्ड निघाला बाँडच्या लहानपणी त्याला सांभाळणाऱ्या घरचा मुलगा! सिल्वाचा राग एम.वर होता, तिनं त्याला चिन्यांच्या हवाली केलं म्हणून. त्या रागाला वरून मालक दिला की सिल्वाच लहान होतो. ठिगळ मागं जाऊन लावलं की जुनं कापड फाटतं.

मिरज जंक्शन

ती नियोजनाची चूक, सलगतेची नव्हे. तीन चित्रपटांची कथा आधी लिहून घ्या, मग बघा.

वाईकर

कथेच्या आधी वयाचं गणित मांडा. 'डॉ. नो' आला तेव्हा (१९६२) कॉनरी ३२ वर्षांचा होता, आणि पहिले चार चित्रपट सलग चार वर्षांत आले, १९६२ ते १९६५. क्रेग 'कसिनो रोयाल'ला ३८, 'नो टाइम टू डाय'ला ५३, मधे जेमतेम पाच चित्रपट. मूर शेवटच्या चित्रपटात ५७ वर्षांचा, आणि ते पडद्यावर दिसतं. आताच्या वेगानं नवा नट ३२चा घेतला तरी चौथ्या चित्रपटापर्यंत चाळिशी ओलांडेल. तेव्हा मिरजकर, तीन भागांची सलग कथा म्हणजे जवळजवळ दहा वर्षं प्रेक्षकाला तोच धागा लक्षात ठेवायला लावणं. वेगळी कामगिरी, वेगळा चित्रपट हेच परवडतं. लांबीही आवरा: 'गोल्डफिंगर' ११० मिनिटांत आटोपतो, शेवटचा १६३ मिनिटांचा.

जुना काळ उभा करणं महाग पडेल अशी भीती कुणाला असेल, तर ती मात्र मला पटत नाही. 'कसिनो रोयाल'मधलं माँटेनेग्रो हे प्रत्यक्षात चेक प्रजासत्ताकातलं कार्लोव्ही व्हारी. 'गंगाजल'साठी आमच्या वाईचा बिहार झाला, 'दबंग'साठी उत्तर प्रदेश. तर केंटचा किनारा आणि एक क्लब उभा करणं ब्रिटिश स्टुडिओला काय जड आहे? खरा खर्च जाहिरातदारांचा. १९५५मध्ये फोन आणि लॅपटॉप विकता येत नाहीत. घड्याळ आणि मोटार तेवढी राहते.

बाणूरगड

सगळे काळावर भांडताय, हेर काय करतो यावर कुणी बोलेना. बहिर्जी नाईकांची समाधी आमच्या खानापूर तालुक्यात, बाणूरगडावर. त्यांचं नाव राहिलं ते वेष पालटून बातमी आणण्यासाठी, इमारती उडवण्यासाठी नव्हे. 'मूनरेकर' मलाही चालेल, कारण तिच्यात अर्धं काम बघण्याचं आणि मोजण्याचं आहे. गाला ब्रँड तर स्पेशल ब्रँचची पोलीस, ड्रॅक्सची सेक्रेटरी म्हणून आत घुसलेली. ती रोज त्याचे उड्डाणाचे आकडे नोंदते, ते जुळत नाहीत आणि तिथं कट फुटतो. आकडे न जुळणं पडद्यावर रंगवता येतं का, ही खरी परीक्षा. विल्नव्हला ते जमेल, त्याला शांतता वापरता येते. पण एक अट: गाला शेवटी बाँडबरोबर जात नाही, तिचं लग्न ठरलेलं असतं. हे बदलाल तर कादंबरी घेऊच नका.

मिरज जंक्शन

अब्जाधीश खलनायक पुन्हा? स्ट्रॉमबर्ग, ड्रॅक्स, झोरिन, कार्व्हर, ग्रेव्ह्ज. रांग लागलीय राव.

बाणूरगड

त्यातला एकही पत्त्यांत लबाडी करताना पकडला जाऊन पडत नाही. (ग्रेव्ह्ज तर याच कादंबरीतल्या ड्रॅक्सवरून उचललेला, आणि तरी त्याला बर्फाचा महाल लागला.)

वाईकर

जाता जाता, इथं कुणी अनुवाद करत असेल तर. फ्लेमिंग ऑगस्ट १९६४ला वारला. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो, तो २०२४च्या अखेरीस संपला. ब्रिटनमध्ये ७० वर्षं, म्हणजे तिथं २०३४च्या अखेरीपर्यंत थांबावं लागेल. मृत्यूनंतर छापलेल्या पुस्तकांची ६० वर्षं छपाईपासून मोजतात. म्हणजे 'मूनरेकर' मराठीत आणायला इथं कुणाची परवानगी लागत नाही. फक्त मुखपृष्ठावर पिस्तुलाचं ००७ चिन्ह किंवा चित्रपटातलं काही घेऊ नका, ते हक्क वेगळे आहेत. आणि ब्रिजचं प्रकरण भाषांतर करण्याआधी तो डाव टेबलावर पानं मांडून एकदा खेळून बघा, नाहीतर बोली चुकते आणि बाँड जिंकतो कसा हेच वाचकाला कळत नाही.