बाळंतपणानंतर माझे केस गळत आहेत आणि पतींचे विरळ होत आहेत: आधी काळजी कोणाची करावी?

प्रश्न – गवतीचहा, पुणे

माझे वय ३१ असून चार महिन्यांपूर्वी मला मुलगी झाली. गेले तीन आठवडे केस इतके गळत आहेत की न्हाणीघरातील जाळीत अडकलेला गुंता रोज काढावा लागतो. कणकेत दोनदा केस सापडल्यापासून सासूबाईंनी मला पोळ्या करताना डोक्याला रुमाल बांधायला लावला आहे. गळालेल्या केसाच्या टोकाला पांढरा ठिपका दिसतो, त्यामुळे केस मुळासकट जात आहेत की काय, अशी भीती वाटते. सासूबाई टँकरच्या पाण्याला दोष देतात, तर आईच्या मते बाळ हसू लागले की आईचे केस जातातच.

माझे पती ३४ वर्षांचे आहेत. त्यांचे केस कंगव्यात फारसे दिसत नाहीत, परंतु कपाळाच्या दोन्ही कडा वर सरकल्या आहेत आणि टाळूवर विरळपणा आला आहे. माझ्या सासऱ्यांना पस्तिशीतच टक्कल पडले होते. पतींनी नुकताच बायोटिन या जीवनसत्त्वाच्या गोळ्या आणि मिनॉक्सिडिल हे डोक्याला लावायचे औषध असलेला एक संच ऑनलाइन मागवला असून तोच मीही वापरावा, असे त्यांचे म्हणणे आहे. मी अंगावर पाजते. हे औषध मी वापरावे का?

उत्तर १ – चर्मपत्र (त्वचारोगतज्ज्ञ)

आपल्या घरात सगळी काळजी आपल्या केसांची चालली आहे असे दिसते. माझ्या मते ती आपल्या पतींच्या केसांची व्हायला हवी. पुंजक्यांनी गळणारे केस बहुधा परत येतात. जे केस गाजावाजा न करता वर्षानुवर्षे बारीक होत जातात, त्यांचे तसे नसते.

डोक्यावर सुमारे एक लाख केस असतात. त्यांपैकी बहुतेक वाढीच्या अवस्थेत असतात आणि ही अवस्था दोन ते सहा वर्षे टिकते; त्यानंतर केस साधारण तीन महिने विश्रांती घेऊन गळून पडतो. म्हणूनच रोज ५० ते १०० केस गळणे स्वाभाविक मानले जाते. गरोदरपणात वाढलेल्या इस्ट्रोजेनमुळे केस वाढीच्याच अवस्थेत रेंगाळतात आणि बाळंतपणानंतर ते संप्रेरक एकदम खाली आले की रखडलेले सगळे केस एकाच वेळी विश्रांतीला जातात. हे केस दोन ते चार महिन्यांनी गळू लागतात, म्हणजे बाळ हसू लागते त्याच सुमारास. आपल्या आईंचे निरीक्षण अचूक आहे, फक्त त्यात बाळाच्या हसण्याचा काही दोष नाही! डेंग्यू, विषमज्वर, मोठी शस्त्रक्रिया किंवा उपासमारीचे डाएट यांनंतरही दोन-तीन महिन्यांनी हेच घडते, आणि तोवर मूळ कारण लोक विसरून गेलेले असतात.

तो पांढरा ठिपका म्हणजे मूळ नव्हे. ते विश्रांतीच्या अवस्थेतील केसाचे गोळीसारखे टोक असते; ज्यातून नवा केस उगवतो तो केशकूप त्वचेतच शाबूत राहतो. जड पाण्याने केस राठ होऊन मध्येच तुटतात, पण तशा तुटलेल्या केसाला हा ठिपका नसतो, त्यामुळे टँकरला या आरोपातून मुक्त करावे. बाळाच्या पहिल्या वाढदिवसापर्यंत केसांचा दाटपणा बहुतेक पूर्ववत होतो. तरीही हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातील लोहाचा साठा) आणि टीएसएच (थायरॉइडचे काम) या तपासण्या करून घ्याव्यात, कारण प्रसूतीनंतर काही स्त्रियांमध्ये थायरॉइड बिघडतो आणि रक्तस्रावामुळे लोहाचा साठाही आटलेला असतो. भांग रुंद होत गेला, पाळी अनियमित राहिली किंवा चेहऱ्यावर लव वाढली, तर मात्र ते स्त्रियांमधील आनुवंशिक विरळपणाचे किंवा पीसीओएस या अंडाशयाशी निगडित संप्रेरक-विकाराचे लक्षण असू शकते. नाण्याएवढी गुळगुळीत चाई पडल्यास तो वेगळाच आजार समजावा.

पतींच्या बाबतीत टेस्टोस्टेरॉनपासून तयार होणारे डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक कपाळाच्या कडा आणि टाळूवरील केशकूप हळूहळू आकुंचित करते, म्हणून तेथील केस लवेसारखे होतात. मिनॉक्सिडिल मुळात रक्तदाबाचे औषध. ते घेणाऱ्या रुग्णांच्या अंगावर केस वाढल्याचे दिसले आणि १९८८ मध्ये अमेरिकेत ते पुरुषांच्या टकलावर लावण्यासाठी मान्य झाले. हे संप्रेरक तयार होणे रोखणाऱ्या फिनास्टराइडच्या १ मिलिग्रॅम गोळीला तेथे १९९७ मध्ये मान्यता मिळाली. ही गोळी डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावी, कारण काहींना लैंगिक तक्रारी किंवा नैराश्य जाणवते. पुढच्या वेळी दिवस राहिले तर तिच्या फुटलेल्या तुकड्यांना आपण हातही लावू नये.

अंगावर पाजत असेपर्यंत आपण मिनॉक्सिडिल टाळावे. आपल्याला त्याची गरजही नाही. पतींनी मात्र औषध लावल्यावर हात धुवावेत, आणि डोके पूर्ण कोरडे होईपर्यंत मुलीला खांद्यावर घेऊ नये. वडिलांच्या डोक्यावरील औषध लागून तान्ह्या बाळांच्या अंगावर दाट लव उगवल्याच्या नोंदी आहेत. बायोटिनची कमतरता क्वचितच आढळते. शिवाय त्याच्या मोठ्या मात्रेमुळे थायरॉइडच्या तपासणीचे आकडे चुकू शकतात, म्हणून रक्त देण्यापूर्वी ते काही दिवस बंद ठेवावे.

उत्तर २ – खिडकीजवळची_सीट

आपल्या पतींसाठी एक अनुभव सांगतो. मिनॉक्सिडिल सुरू केल्यावर तिसऱ्या आठवड्यात माझे केस अधिकच गळू लागले, आणि औषधानेच वाटोळे केले असे समजून मी बाटली फेकून दिली. हे सुरुवातीचे गळणे अपेक्षित असते, कारण जुने केस नव्यांना वाट करून देतात, ही गोष्ट मला संच विकणाऱ्यांनी सांगितली नव्हती. दुसऱ्यांदा नेटाने लावल्यावर पाचव्या महिन्यात फरक दिसला. पुढे बरे वाटते म्हणून थांबवले, तर तीन-चार महिन्यांत होते ते सगळे गेले. हे औषध म्हणजे भाड्याचे घर आहे; भाडे थांबले की जागा सोडावी लागते. आणि घरात मांजर असेल तर तिला ते डोके चाटू देऊ नये, तिच्यासाठी ते विष आहे.

उत्तर ३ – वऱ्हाडी_ठेचा, बुलढाणा जिल्हा

पाण्याचा विषय निघाला म्हणून लिहितो. २०२४ च्या अखेरीस आमच्या शेगाव तालुक्यातील बोंडगाव आणि आसपासच्या गावांत बायका, पुरुष आणि मुले यांचे केस काही दिवसांतच हातात येऊ लागले. तेव्हाही पहिला संशय पाण्यावरच गेला होता. पुढे महाडचे संशोधक डॉक्टर हिम्मतराव बावस्कर यांनी रेशनच्या गव्हातील सेलेनियम या खनिजाच्या अतिरिक्त प्रमाणाकडे बोट दाखवले. तेव्हा एकाच घरात किंवा आळीत अनेकांचे केस एकदम गळू लागले, तर तेलाच्या बाटलीत उत्तर न शोधता आरोग्य केंद्रात कळवावे. आपल्या प्रकरणात मात्र एकाच छपराखाली दोन वेगवेगळी कारणे दिसतात.

गवतीचहा (सहा आठवड्यांनंतर)

सर्वांचे आभार. टीएसएच ठीक आले, परंतु फेरिटिन ९ निघाले, त्यामुळे डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या आहेत. सासूबाईंचे अळिवाचे लाडूही चालूच आहेत. गळणे अजून थांबलेले नाही. मात्र काल आरशात कपाळाच्या कडेला बोटाच्या अर्ध्या पेराएवढे केस ताठ उभे असलेले दिसले, तेल लावूनही बसत नाहीत असे. पतींनी संचातील बायोटिन बाजूला ठेवले असून त्वचारोगतज्ज्ञांना दाखवून मिनॉक्सिडिल सुरू केले आहे. ते रात्री मुलगी झोपल्यावर औषध लावतात आणि त्यांनी उशीही वेगळी केली आहे.

चर्मपत्र

ते ताठ केस नवेच आहेत, त्यांना चापून बसवू नका आणि घट्ट अंबाडाही घालू नका. फेरिटिन तीन महिन्यांनी पुन्हा तपासावे. केसांसाठी ते ४० च्या वर असावे, असे आमच्यापैकी अनेकांचे मत आहे. पतींच्या टाळूचा फोटो आजच काढून ठेवा आणि पुढचाही त्याच दिव्याखाली, तितक्याच अंतरावरून घ्या, नाहीतर सहा महिन्यांनी दोघांचे एकमत होणार नाही.