शब्दचर्चा: ‘पुनर्वसन’ म्हटलं की गाव सोडायचं का?

प्रश्न (औसा)
मानसिक आजारातून सावरलेल्या माणसांना गावातच, भाड्याच्या खोलीत राहता यावं म्हणून आमचा गट काम करतो. ग्रामसभेत वाटायला एक पान लिहायचंय. मसुद्यात ‘समुदाय आधारित पुनर्वसन’ असा शब्द आहे. एका घरी वाचून दाखवलं, तर म्हातारी म्हणाली, “कुठं न्यायलाव तेला? अन् प्लॉट कुणाच्या नावावर निघंल?” दुसरा शब्द सुचवा.

उत्तर (उमरगा)
म्हातारीचं काय चुकलं? आपल्या भागात पुनर्वसन म्हणजे किल्लारी. 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपानंतर 52 गावं नव्या जागी वसवली. पैठणकडं जायकवाडीच्या पाण्यात गेलेल्या गावांमुळं हाच शब्द रुळला. जुनी जागा सोडायची आणि सरकारनं दिलेल्या जागी राहायला जायचं, हा अर्थ इथं पक्का बसलाय. तुमचं काम नेमकं उलटं आहे. माणूस आपल्या गावातच राहतो. गोळ्या, सोबत, रोजगार, कागदपत्रांची मदत त्याच्यापर्यंत येते. सरकारी अर्जात पुनर्वसन राहू द्या, तिथं तोच शब्द लागतो. ग्रामसभेत मात्र सरळ ‘गावात राहायला मदत’ म्हणा.

उत्तर (परभणी)
सहमत, पण घराच्या शब्दांचाही घोळ आहे. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात हाफवे होम, शेल्टर्ड निवास आणि सपोर्टेड निवास हे वेगवेगळे सांगितलेत. मराठीत आपण सरसकट ‘निवारागृह’ लिहून मोकळे होतो. हाफवे होम ही मधली जागा: दवाखान्यातून सुटल्यावर काही काळ राहायचं, बाजारहाट, स्वयंपाक, पैशाचा हिशेब पुन्हा अंगवळणी पाडायचा आणि पुढं निघायचं. सपोर्टेड निवासात घर राहणाऱ्याचंच, मदतनीस येऊन जाऊन. माझी कसोटी साधी आहे: किल्ली कुणाच्या खिशात? वॉचमनच्या असेल तर तो आश्रम, पाटी काहीही लावा. तमिळनाडूत ‘द बॅनियन’ संस्था 2015 पासून ‘होम अगेन’ चालवते, त्यात चार-पाच जणी वस्तीतल्या साध्या घरात एकत्र राहतात. त्याला निवारा म्हणणं मला तरी पटत नाही. ‘आधारासह घर’ कसं वाटतं?

प्रतिसाद (बीड)
‘आधारासह’ नको हो, लोकांना आधार कार्ड आठवेल! आणि ‘मनोरुग्ण’ तेवढं काढाच. खोली बघायला गेल्यावर हा शब्द निघाला की मालकाकडं लगेच पाहुणे यायचे असतात. शुगरच्या गोळ्या चालू आहेत म्हणतो, तसं ‘गोळ्या चालू आहेत’ एवढं पुरे.

प्रतिसाद (हिंगोली)
वकिलीच्या बाजूनं सांगतो. ‘मदत’ या शब्दात उपकाराचा वास येतो. त्याच कायद्याचं कलम 19 म्हणतं की घर नाही किंवा घरचे घेत नाहीत, एवढ्याच कारणावरून कुणाला दवाखान्यात ठेवून घेता येत नाही. घरच्यांनी बाहेर काढलं असेल तर कुटुंबाच्या घरात राहण्याचा हक्क बजावायला कायदेशीर मदत देणं सरकारचं काम आहे. म्हणून पानावर ‘हक्क’ यायलाच पाहिजे. वाटणीच्या वेळी भाऊ म्हणतात, “तेला काय कळतंय?” आणि नाव गळतं. आपली क्रियापदंही बघा. ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी ही राज्यातली चार जुनी मनोरुग्णालयं, एकही मराठवाड्यात नाही. मग माणूस लांब जातो आणि मागं बोलणं काय, तर ‘येरवड्याला टाकला’. दाखल केला असं कुणी म्हणत नाही.

प्रश्नकर्ता (औसा)
सगळ्यांचं थोडं थोडं घेतलं: ‘गोळ्या चालू असलेल्या माणसालाही आपल्या गावात, आपल्या घरात राहायचा हक्क आहे. घरच्यांकडं जमत नसेल तर भाड्याची खोली बघून देऊ, येऊन-जाऊन राहू.’

उत्तर (उमरगा)
छान. फक्त भाडं कोण भरणार तेही लिहा, ग्रामसभेत पहिला प्रश्न तोच येईल.