पहिला मेक कुठल्या वजनाचा घ्यावा? माझं मत ५५ टनाला

शहापूरकर

आमच्या बेळगावच्या शहापुरात एका घराच्या माडीवर दर रविवारी आम्ही चार-पाच जण बॅटलटेक खेळतो. षटकोनी खणांचा नकाशा, दोन फासे, आणि मार बसेल तसे कागदावरचे गोल खोडत जायचं. आत माणूस बसून चालवतो त्या अवाढव्य यंत्राला मेक म्हणतात. १९८४ साली अमेरिकेत हा खेळ ‘बॅटलड्रॉइड्स’ नावानं निघाला आणि पुढच्या वर्षी बॅटलटेक झाला. मेकचे वजनावरून चार गट: २० ते ३५ टन हलके, ४० ते ५५ मध्यम, ६० ते ७५ जड, ८० ते १०० असॉल्ट.

मागच्या रविवारी कॉलेजातला एक पोरगा नव्यानं आला. त्यानं विचारलं, पहिला मेक कुठला घेऊ? चौघांनी चार उत्तरं दिली आणि पोरगं गोंधळून घरी गेलं. म्हणून हा धागा.

माझं उत्तर ५५ टन. ग्रिफिन, वुल्व्हरिन, शॅडो हॉक, तिघांतला कुठलाही. तिघांचं चिलखत सारखंच, १५२ गोल. तिघंही धावले तर ८ खण जातात. हा आठचा आकडा महत्त्वाचा आहे, कारण ७ ते ९ खण सरकलेल्या मेकवर नेम धरताना समोरच्याला ३ जास्त लागतात. साध्या नेमबाजाचा आकडा ४, तो चालत आला तर १, मध्यम पल्ल्याचे २ आणि माझ्या पळण्याचे ३, म्हणजे १०. दोन फाशांवर १० किंवा जास्त पडायची शक्यता ३६ मध्ये ६. त्याच जागी ३ खण चाललेला शंभर टनी अ‍ॅटलास असेल तर ८ पुरतात, म्हणजे ३६ मध्ये १५. अडीचपट मार!

आणि लागलंच तर १५२ गोल आहेत. २० टनी लोकस्टकडं सगळे मिळून ६४, पाठीच्या मधल्या भागावर तर फक्त २. तिथं एक लेझर लागला की आतलं यंत्रच उघडं पडतं.

मी स्वतः अ‍ॅटलासपासून सुरुवात केली होती. शंभर टन, कवटीसारखं तोंड, मुलांना दाखवायला झकास. खरं खेळताना प्रत्येक फेरीत माझ्यापुढं एकच प्रश्न असायचा, तीन खण पुढं की दोन? वुल्व्हरिन हातात आला तेव्हा पहिल्यांदा कळलं की प्रत्येक फेरीत पाच-सहा रस्ते असतात आणि त्यातला एक शोधायचा असतो. नव्या पोराला हे पहिल्याच महिन्यात कळलं पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

उद्यमबागचा फिटर

शहापूरकर, गणित बरोबर हाय, खरं एक गोष्ट विसरलासा. नवा माणूस चुका करणार. त्या चुका सोसणारा मेक त्याला पायजे.

अ‍ॅटलासला ३०४ गोल. छातीच्या मधल्या भागावरच ४७. चुकीच्या खणात उभा राहिला, दोन पीपीसी, म्हणजे मोठ्या तोफा, खाल्ल्या, वीस गोल गेले, तरी पोरगं खेळात हाय. तुमच्या ग्रिफिनवर तेच वीस गोल एका जागी बसले तर छाती उघडी पडत्ये आणि पोरगं पुढच्या रविवारी येत नाही.

मी सहा दिवस फौंड्रीत वजनाशीच झुंजतो. वजन वाढलं तर त्यात काय सामान बसतं ते मला कळतं. ऑसम घ्या, ८० टन. तीन पीपीसी आणि मेक गार ठेवणारे २८ हीट सिंक. तिन्ही झाडल्या की ३० उष्णता, चालल्याची १, त्यातनं २८ वजा. राहिली ३. दोन फेऱ्या तीन-तीन झाडायच्या, तिसऱ्या फेरीत दोनच, की मेक परत गार. हा ठेका हाताला बसला की उष्णता काय असते ते नव्या माणसाला कायमचं समजतं. माझ्या पुतण्याला मी असंच शिकवलं, आज तो दहावीत हाय आणि उष्णतेचा हिशेब तोंडी करतो.

खानापूरची

दोघंही जड झालात!

मी हलक्या गटाची. माझा मुद्दा चालीच्या क्रमाचा. ज्याचा पुढाकाराचा फासा हरतो त्यानं आधी हलायचं, आणि जो शेवटी हलतो तो समोरच्याची पाठ बघून जागा निवडतो. तो फासा मी जिंकला आणि माझ्याकडं मेक जास्त असले तर समोरच्याचं सगळं हलून झाल्यावरही माझी पळणारी बाकी राहतात. अ‍ॅटलासची बॅटल व्हॅल्यू, म्हणजे एकूण ताकदीचा आकडा, १८९७, लोकस्टची ४३२. एका अ‍ॅटलासच्या मोलात चार लोकस्ट येतात आणि १६९ शिल्लक राहतात. चौघांनी पाठ धरली तर तुमच्या ४७ गोलांचा उपयोग काय? पाठीमागं १४च आहेत.

जेनर बघा, ३५ टन. चार मध्यम लेझर, प्रत्येकी ५. पाठीवर चारही बसले तर २०.

आपल्या बेळगावच्या कॅम्पातच मराठा लाइट इन्फन्ट्रीचं केंद्र आहे. लहानपणी त्या जवानांची भरभर पडणारी पावलं बघत मी उभी राहायची. हलकं असणं म्हणजे कमी असणं, हे मला कधीच पटलं नाही. आपल्या मातीनं गनिमी कावा दाखवला, आणि आपल्यालाच शंभर टनांची ओढ का लागावी?

शहापूरकर

अक्का, पावलांचं वाचून बरं वाटलं. गनिमी काव्याचं मात्र पटलं नाही. गनिमी काव्याला पाठीशी सह्याद्री लागतो. मारायचं आणि जिथं शत्रूला येता येत नाही तिथं नाहीसं व्हायचं. आपला नकाशा १५ बाय १७ खणांचा. लोकस्ट १२ खण धावतो, म्हणजे दीड फेरीत कडेला. तिथून पुढं जाणार कुठं?

शिवाय तुमच्या खानापूरचंच रान नकाशावर मांडा. विरळ झाडीच्या एका खणाला चालीचे २ पॉइंट, दाट झाडीला ३. बाराचे चार-सहा खण होतात. आणि नेम चुकवायचा आकडा किती खण हललात यावर ठरतो, किती पॉइंट खर्चले यावर ठरत नाही. दाट रानात लोकस्टचं पळणं संपतं आणि ६४ गोल तेवढे उरतात.

फिटरअण्णा, तुमच्या पुतण्याचं कौतुक आहे. चुका सोसणारा मेक हवा, हेही मान्य. पण चूक झाली हे कळायलाही हवं ना? अ‍ॅटलासवर चूक होते पहिल्या फेरीत आणि तिची किंमत मोजावी लागते सातव्या फेरीत. तोवर ती कुठली चूक होती हेच पोराच्या ध्यानात राहत नाही.

निपाणीकर

६० ते ७५ टनांचं कुणी नावच घेत नाही म्हणून लिहितोय. माझं पहिलं प्रेम वॉरहॅमर. ७० टन, दोन पीपीसी, १८ हीट सिंक.

शहापूरकर

निपाणीकर, वॉरहॅमर मलाही आवडतो. पण त्याच्या कागदावरचे गोल मोजा: १६०. आता ५० टनी हंचबॅकचे मोजा. तेही १६०. वेगही सारखाच, चालताना ४, धावताना ६. वीस टन जास्त घेऊन एक गोल वाढला नाही.

निपाणीकर

मोजले. बरोबर आहे, मी इतकी वर्षं कधी ताडून बघितलं नव्हतं. पण मग थंडरबोल्ट घ्या. ६५ टन, २०८ गोल, वेग तोच. जड गटाचं माप एका वॉरहॅमरवरून काढू नका. त्याचं वजन बंदुकांत आणि गार ठेवण्यात गेलंय, चिलखतात नाही गेलं. गटापेक्षा ते वजन कशावर खर्च केलंय ते बघायला त्या पोराला शिकवा.

आखाड्याशेजारी

मी खेळत नाही, मुलगा खेळतो. मी कुस्तीतला माणूस. तुमचं वाचून एक सांगावंसं वाटलं.

खाशाबा जाधवांनी १९५२ मध्ये हेलसिंकीला कांस्य आणलं ते ५७ किलोच्या गटात. गट होता म्हणून त्यांच्या अंगातली चपळाई जगाला दिसली. आमच्या जत्रेच्या मैदानात काटा नसतो. तिथं वस्ताद दोन पोरं शेजारी उभी करतात, मान, मांडी, दंड बघतात आणि जोड लावतात. जोड चांगली लागली तर कुस्ती बघण्यासारखी होते. वजन चार किलो इकडं-तिकडं असेना.

तुमच्यात ही जोड कोण लावतं? ८० टनासमोर २० टन उभा करून कुठला गट चांगला असं विचारत असाल तर त्या प्रश्नाला अर्थ नाही.

खानापूरची

काका, लाखाचं बोललात. आमच्यात जोड लावते ती बॅटल व्हॅल्यू. वेग, चिलखत, हत्यारं धरून प्रत्येक मेकचा एक आकडा काढलेला असतो, आणि दोन्ही बाजूंची बेरीज जवळपास सारखी ठेवायची. नुसत्या टनावर खेळलं तर जोड बिघडते. चार्जर ८० टनांचा आहे आणि त्याच्याकडं पाच छोटे लेझर, बाकी काही नाही. तो आणि ऑसम एकाच वजनाचे!

शहापूरकर, रानाचं तुमचं म्हणणं मान्य करते, लोकस्टपुरतं. उडणाऱ्यांना झाडी आडवी येत नाही. जेनर ५ खण उडतो, स्पायडर ८. खानापूरच्या रानात मी स्पायडर घेईन आणि तुम्ही मला शोधा.

उद्यमबागचा फिटर

बोलून झालं, आता मांडूया. येत्या रविवारी ४५०० च्या आत. माझा अ‍ॅटलास १८९७, ऑसम १६०५ आणि अक्कांचा जेनर ८७५. झाले ४३७७. शहापूरकर, तुम्ही चार मध्यम घ्या. पोरग्याला मधे बसवूया, तोच फासे मोजू दे.

शहापूरकर

ठरलं. ग्रिफिन १२७२, वुल्व्हरिन ११०१, शॅडो हॉक १०६४, हंचबॅक १०४१. बेरीज ४४७८.

शहापूरकर

रविवारी जे झालं ते जसंच्या तसं लिहितो.

पहिल्या चार फेऱ्या फिटरअण्णांच्या. ऑसम टेकाडावर उभा राहिला आणि तीन, तीन, दोन असा झाडत राहिला. माझा शॅडो हॉक चौथ्या फेरीत संपला. अण्णांनी सांगितलेला ठेका मी समोरून सोसला, आणि तो मेक मी आजवर कमी लेखत होतो हे मान्य करतो.

पाचव्या फेरीत वुल्व्हरिननं ५ खणांची उडी घेतली आणि अ‍ॅटलासच्या मागं उतरला. मी प्रत्येक मेकशेजारी एक छोटा निळा फासा ठेवतो, किती चुकवतोय ते दाखवायला. त्यावर तीन होते, पाच खणांचे दोन आणि उडीचा एक. अण्णांनी झाडलेलं सगळं हुकलं. मग लाथ. लाथेचा मार वजनाच्या पाचवा हिस्सा, ५५ टनाला ११. अ‍ॅटलासच्या पायावर ४१ गोल असतात, त्याला अकरानं काय होणार? पण लाथ बसली की तोल सांभाळायचा फासा टाकावा लागतो, आणि अण्णांना पाच हवे होते. फासे पडले दोन आणि दोन. शंभर टन आडवे झाले. काका शेजारीच बसले होते, ते म्हणाले, “पट काढला!”

पुढच्या फेरीत पुढाकार मी जिंकला, म्हणून अ‍ॅटलासला आधी हलावं लागलं. उठायला २ पॉइंट गेले. तो वुल्व्हरिनकडं तोंड करून उभा राहिला आणि हंचबॅक चालत त्याच्या पाठीमागं गेला. त्याची मोठी तोफ एसी-२०, जवळचा पल्ला, पाठीच्या मधोमध. १४ गोल गेले, राहिलेले ६ आत शिरले आणि जायरोला, म्हणजे तोल राखणाऱ्या यंत्राला, मार लागला. त्यानंतर तोल सांभाळायला पाचाचे आठ लागतात. अण्णा पुन्हा आडवे झाले ते तीन फेऱ्या उठलेच नाहीत.

अक्कांच्या जेनरनं मात्र ग्रिफिनच्या पाठीवर बसून त्याला पोखरून काढलं. अंधार पडला तेव्हा माझ्याकडं वुल्व्हरिन आणि हंचबॅक, समोर ऑसम आणि जेनर. खेळ तिथंच थांबवला.

उद्यमबागचा फिटर

अ‍ॅटलास पडला ते वुल्व्हरिनमुळं, मान्य हाय. खरं ऑसमचे किती गोल गेले ते लिहिला नाहीसा. ८० टन सोडून मी खाली येत नाही. अ‍ॅटलासच्या पाठीशी दुसरं कुणीतरी ठेवायला पायजे होतं, ती चूक माझी, मेकची नाही.

खानापूरची

पाठीशी ठेवायला जेनर होता की! तुम्ही त्याला ग्रिफिनमागं सोडा म्हणालात, अण्णा.

बरं, ते पोरगं जाताना काय म्हणालं, कुणी ऐकलं का? मी जिन्यात विचारलं, आता कुठला घेणार? त्यानं खिशातून फाशांच्या हिशेबाचा कागद काढला. एका नावाभोवती त्यानं गोल केला होता. हंचबॅक.

शहापूरकर

५० टन. मध्यम गट. अक्का, त्याला सांगा, हंचबॅकची तोफ उजव्या बरगडीत असते, ती बाजू झाडीकडं ठेवायची. आणि गोळे फक्त दहा मिळतात.