सपाट जमीन आणि सोलापूरची वाढ

डोंगर नाही, नदी आडवी येत नाही, म्हणून सोलापूर चहूबाजूंनी पसरलं, असं म्हणतात. अर्धंच पटतं. मोठी नदी नाही हीच तर अडचण! भीमा-सीना दोन्ही गावाबाहेरून जातात, म्हणून इथं तळी बांधावी लागली. आदिला ही छोटी नदी अडवून गावाजवळच्या हिप्परग्याचा एकरुख तलाव 1871 मध्ये झाला, पहिली कापड गिरणी त्यानंतर 1877 ला. आज तर उजनी धरणाहून शंभरेक किलोमीटर पाणी आणतोय.

आणि सपाट म्हणजे सगळीकडे सारखी नव्हे. हद्दवाढ भागात, म्हणजे शहराच्या हद्दीत नंतर घेतलेल्या भागात, आमच्या काकांच्या घराखाली काळी माती निघाली. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. पायाचा खर्च तिथंच वाढला. पलीकडच्या गल्लीत मात्र चार फुटांवर मुरूम!