वाचनालयातला गोष्टींचा तास: गाणी किती, गोष्टी किती, हस्तकला कोणती?

तालुका_वाचनालय
नमस्कार मंडळी. आमचं 'ब' वर्गाचं सार्वजनिक वाचनालय आहे, गाव तालुक्याचं. बालविभागात पुस्तकं बरी आहेत, पण ती कपाटाबाहेर फारशी येत नाहीत. म्हणून जूनअखेरपासून दर शनिवारी सकाळी १० ते ११ या वेळेत ३ ते ६ वर्षांच्या मुलांसाठी गोष्टींचा तास घ्यायचं कार्यकारिणीत ठरलंय. अंदाजे २० मुलं येतील, सोबत पालक. जागा म्हणजे वाचनकक्षाचा १२ बाय १५ फुटांचा कोपरा. खाली सतरंजी, एका बाजूला पूर्वेची मोठी खिडकी, वर पंखा. माणसं दोनच, मी आणि आमचे लिपिक.

विचारायचं ते असं. पूर्ण तासाची आखणी कशी करू? चित्रपुस्तकं हाताएवढी आहेत, मागच्या मुलांना ती कशी दिसणार? गाणी मोबाइलवर लावू की आपणच म्हणायची? मला गाता येत नाही. आणि हस्तकला दरवेळी हवीच का? कमी खर्चाची आणि गोष्टीशी जुळणारी एखादी सांगा.

गोष्टघर
ताई, आधी वेळेबद्दल. शनिवारी बहुतेक शाळा सकाळच्या असतात. मोठ्या भावंडाला आणायला निघालेला पालक साडेदहालाच उठतो आणि त्याच्याबरोबर धाकटंही. शनिवारी संध्याकाळी ५ किंवा रविवारी सकाळी १० ठेवून बघा.

दुसरं, ६० मिनिटं फार होतात. ३ वर्षांचं मूल एका जागी सलग ७-८ मिनिटं ऐकतं, तेही गोष्ट धरून ठेवणारी असेल तर. एकूण ४० मिनिटं धरा:

जमणे आणि स्वागताचं गाणं, ५ मिनिटं
मोठी गोष्ट, ८ मिनिटं
बोटांचं किंवा टाळ्यांचं गाणं, ३ मिनिटं
छोटी गोष्ट, ४ मिनिटं
उठून उड्या मारायचं गाणं, ४ मिनिटं
हस्तकला, १२ ते १५ मिनिटं

मोठी गोष्ट पहिलीच घ्या. पुष्कळ ठिकाणी ती शेवटी राखून ठेवतात आणि तोवर मुलं पेंगुळतात किंवा पळायला लागतात. मुलं चुळबुळायला लागली तर छोटी गोष्ट सरळ गाळा, गाणं गाळू नका. राहिलेली २० मिनिटं पुस्तकं हाताळायला आणि पालकांच्या खात्यावर घरी द्यायला ठेवा. या सगळ्या खटाटोपाचा हेतू कपाट उघडणं हा आहे, तेव्हा देवघेवीचं टेबल त्या वेळी बंद असता कामा नये. त्या दिवशीच्या विषयाची १०-१२ पुस्तकं कणा नव्हे तर मुखपृष्ठ दिसेल अशी उभी मांडा.

बसायची रचना: खिडकी तुमच्या पाठीशी नको. सकाळच्या उन्हात मुलांना तुमची काळी आकृती दिसेल आणि पुस्तक अजिबात दिसणार नाही. मुलांची पाठ खिडकीकडे आणि तुमचं तोंड उजेडाकडे हवं. मुलं अर्धवर्तुळात दोन रांगांत बसवा, पहिली रांग तुमच्यापासून ३ फुटांवर. तुम्ही बुटक्या स्टुलावर बसा. पुस्तक छातीसमोर न धरता खांद्याच्या बाजूला धरा आणि पान खालच्या कडेने पकडा, म्हणजे बोटं चित्रावर येत नाहीत. मजकूर तिरक्या नजरेने वाचावा लागतो, म्हणून गोष्ट आधी तीन-चारदा मोठ्याने वाचून अर्धी पाठच झालेली बरी.

पालकांना मागे भिंतीपाशी खुर्च्या देऊ नका. खुर्चीत बसले की गप्पा सुरू होतात. मुलाला मांडीवर घेऊन सतरंजीवरच बसवा.

छोट्या पुस्तकांवर उपाय: प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी चित्रपुस्तकं खुल्या परवान्याखाली आहेत. लेखक-चित्रकारांचं श्रेय छापलं की प्रती काढायला अडचण नाही. (बाजारातल्या पुस्तकाची पानं मोठी करून झेरॉक्स काढणं ही वेगळी बाब, ते करू नका.) पहिल्या स्तरातलं १०-१२ चित्रांचं पुस्तक निवडा आणि ए-३ आकारात रंगीत छापून पुठ्ठ्यावर चिकटवा. मग जपानी कामिशिबाईची (चित्रांची कार्डं दाखवत गोष्ट सांगायच्या पद्धतीची) युक्ती वापरा: पहिल्या चित्राचा मजकूर शेवटच्या कार्डाच्या पाठीवर, दुसऱ्याचा पहिल्याच्या पाठीवर, तिसऱ्याचा दुसऱ्याच्या. पुढचं कार्ड काढून मागे सरकवलं की हवा तो मजकूर तुमच्यासमोर येतो आणि मान वाकडी करावी लागत नाही. कार्डांवर क्रमांक घालायला विसरलात तर एकदा गठ्ठा पडला की कार्यक्रम संपलाच समजा.

पेटीवाला
गाण्यांपुरतं लिहितो. मोबाइल नको. रेकॉर्ड केलेलं गाणं मुलांसाठी थांबत नाही. दुसरी ओळ येईपर्यंत मुलांचे हात पहिल्या ओळीवरच असतात आणि शेवटी ती नुसती बघत बसतात. शिवाय त्यात वाद्यं इतकी असतात की शब्द कानापर्यंत पोचत नाहीत.

"गाता येत नाही" हा मुद्दा या वयासाठी गौण आहे, पट्टीचा मात्र महत्त्वाचा. लहान मुलांचा सोयीचा पल्ला साधारण पेटीच्या मधल्या सप्तकातल्या पांढरी दोनपासून (दुसऱ्या पांढऱ्या पट्टीपासून) पांढरी सहापर्यंत, म्हणजे सा पांढरी दोनला धरला तर सा ते प. बायका गातात तेव्हा सा बहुधा खालच्या सप्तकातल्या काळी चार-पाचला येतो. तिथे मुलांचा आवाज पोचत नाही, मग ती ओरडतात किंवा ओठ हलवतात. तुम्हाला थोडं उंच वाटेल अशा पट्टीत सुरू करा. लिपिक दादा म्हणणार असतील तर ते एक सप्तक खाली जातील. बहुतेक मुलं आपोआप वरचा सूर घेतात, पण काही खालच्या सुराचा पाठलाग करत पुटपुटत राहतात. त्यांच्यासाठी पहिली ओळ पेटीवर वरच्या सप्तकात वाजवून दाखवा. पेटी नसेल तर मोबाइलवरचं पेटीचं ॲप एका सुरापुरतं चालेल.

चाल पाच सुरांत बसणारी घ्या. भावगीतं, सिनेमातली गाणी या वयाला झेपत नाहीत. आपली पारंपरिक बडबडगीतं बहुतेक तीन-चार सुरांतच फिरतात, ती उत्तम.

एकूण पाच गाणी पुरेत आणि ती दोन महिने बदलू नका. दर आठवड्याला नवं गाणं आणलं की एकही पाठ होत नाही. मोठ्यांना कंटाळा येतो, मुलांना येत नाही. एखादं बदलायचं झालं तर मधलंच बदला, स्वागताचं आणि निरोपाचं कायम ठेवा.

गाण्याचा आणखी एक उपयोग वळण देण्यासाठी होतो. 'आपडी थापडी'च्या शेवटी मुलं दोन्ही हातांनी कान धरतात. हात अडकलेले, तोंड बंद, डोळे तुमच्याकडे. त्या दोन सेकंदांत गोष्टीचं पहिलं वाक्य सुरू करायचं. "शांत बसा रे" म्हणायची वेळच येत नाही. उलट, उड्यांच्या गाण्यानंतर लगेच गोष्ट ठेवली तर ती वाया जाते.

खुळखुळे द्यायचे असतील तर २०० मिलीच्या कोरड्या प्लास्टिक बाटलीत एक चतुर्थांश तांदूळ भरा. राजमा किंवा हरभरा घातला तर २० बाटल्यांच्या आवाजात तुमचा आवाज बुडेल. टोपण आतून डिंक लावून घट्ट फिरवा आणि वरून चिकटपट्टीचे तीन वेढे द्या. वाटायचे ते गाण्याच्या आधी आणि गाणं संपताच टोपलीत परत. टोपली फिरवायचं काम दादांचं.

कागदकात्री
गोष्टीशी जुळणारी हस्तकला विचारलीत म्हणून एक नेमकी सांगते. गोष्ट चिऊ-काऊची घ्या: कावळ्याचं घर शेणाचं, चिमणीचं घर मेणाचं, पाऊस येतो, कावळ्याचं वाहून जातं. तुमचा तास जूनअखेरीस सुरू होतोय, तेव्हा मोसमही जुळतो. गोष्टीत जे घडतं तेच मुलांना कागदावर घडताना दिसेल.

२० मुलांसाठी सामान: १५० जीएसएमचा (म्हणजे जाडसर) ए-४ चित्रकलेचा कागद २५ (५ जादा), मेणाचे जाड क्रेयॉन ४०, पाण्याची शाई असलेली गडद स्केच पेनं २०, फवाऱ्याच्या बाटल्या २, रद्दी वर्तमानपत्रं, दोन जुनी फडकी. १२ रंगांच्या पाकिटात तपकिरी पेन एकच येतं. त्यावर भांडणं नकोत म्हणून काळा, जांभळा, गडद हिरवा असं काहीही चालतं असं आधीच सांगा.

कागद आडवा ठेवून मधोमध पेन्सिलीने रेघ मारा, दोन्हीकडे घराची साधी बाह्यरेषा आधीच काढून ठेवा. उजवीकडे चिमणीचं घर क्रेयॉनने दाबून रंगवायचं, पांढरं अजिबात राहू द्यायचं नाही. डावीकडे कावळ्याचं घर स्केच पेनने. याला ८ मिनिटं लागतात. मग "पावसाचं टेबल". तिथे तुम्ही बाटली घेऊन उभ्या, मुलं तीन-तीन करून येतात. फुटावरून चार-पाच फवारे, मग कागद ५ सेकंद उभा धरायचा. कावळ्याचं घर ओघळतं, चिमणीच्या घरावर पाण्याचे मणी उभे राहतात. 'ये रे ये रे पावसा' रांगेतल्या मुलांनी म्हणायचं, म्हणजे ढकलाढकली होत नाही.

बिघडतं कुठे ते सांगते. झेरॉक्सचा ७० जीएसएम कागद ओला झाला की गुंडाळतो आणि फाटतो. क्रेयॉन हलक्या हाताने फिरवला तर मधून पाणी शिरतं. ३ वर्षांच्या मुलाला दाबायला जमत नाही, तिथे पालकाने हातावर हात ठेवावा. पक्क्या शाईचे मार्कर घेतलेत तर कावळ्याचंही घर टिकतं आणि गोष्टच उलटते. म्हणून आणलेल्या प्रत्येक पाकिटातल्या पेनावर आदल्या दिवशी पाण्याचा थेंब टाकून बघा. घरं खाली-वर काढली तर ओघळ चिमणीच्या घरावर येतो, शेजारी-शेजारीच हवीत. बाटल्या मुलांच्या हाती दिल्यात तर लादी निसरडी होते आणि पुस्तकं भिजतात. टेबल कपाटांपासून लांब, रद्दीवर.

वाळवायला दोरीवर टांगू नका, रंग आणखी ओघळतो. रद्दीवर आडवे ठेवा, पंख्याखाली १५-२० मिनिटं, पावसाळी हवेत जास्त. तेवढ्यात पुस्तकांची देवघेव उरका. मागे नाव पेन्सिलीने लिहायचं आणि तेही पाऊस पाडायच्या आधी.

तालुका_वाचनालय
मेणाची कल्पना फारच आवडली. दोन शंका. चिकटकामाच्या वेळी आमच्या बाइंडरची खळ वापरू का? डबाभर असते. आणि काही आया दोन वर्षांखालची भावंडंही आणतील, त्यांचं काय?

कागदकात्री
बाइंडरची खळ मुलांच्या हातात अजिबात देऊ नका! तिला कीड-बुरशी लागू नये म्हणून त्यात मोरचूद घालतात आणि मोरचूद विषारी असतं. या वयात चिकट बोट तोंडात जातंच. डब्यावर मोठ्या अक्षरांत लिहून तो त्या दिवशी कपाटात कुलूपबंद ठेवा.

वेगळी खळ करा: अर्धी वाटी मैदा अर्ध्या वाटी थंड पाण्यात गुठळ्या मोडून कालवा, दोन वाट्या उकळत्या पाण्यात ओता, मंद आचेवर ३-४ मिनिटं, अर्धपारदर्शक दिसेपर्यंत ढवळा. २० मुलांना पुरते. पावसाळ्यात दुसऱ्याच दिवशी आंबते, तेव्हा त्याच सकाळी करा. चार मुलांत एक वाटी, ब्रशऐवजी आइस्क्रीमच्या काड्या. ब्रशने मुलं इतकी खळ थापतात की कागद लगदा होतो.

दोन वर्षांखालच्यांना आईच्या मांडीवर बसू द्या. पण ती खोलीत असतील त्या दिवशी मणी, टिकल्या, चिकटवायचे डोळे, डाळी बाहेर काढायच्या नाहीत. सव्वा इंच रुंद भोकातून जाईल अशी कोणतीही वस्तू नको. त्यांना जाड पुठ्ठ्याचं पुस्तक आणि एक जाड क्रेयॉन पुरे.

गोष्टघर
कागदकात्रींशी एका बाबतीत माझं पटत नाही. हस्तकला दर आठवड्याला नको, महिन्यातून दोनदा पुरे. दोन माणसांत २० मुलांची हस्तकला म्हणजे आदला अर्धा दिवस कापाकापीत जातो आणि तयारीच्या ओझ्याने दोन-तीन महिन्यांत तासच बंद पडतो. मधल्या आठवड्यांत कोरा कागद आणि क्रेयॉन द्या, "गोष्टीतलं काय आवडलं ते काढ" म्हणा. आणि सगळ्यांनी एकसारखी चिमणी चिकटवायची असली कामं टाळाच. ती शेवटी पालक करतात.

चिऊ-काऊसाठी फ्लॅनेल फलक करून ठेवा, वर्षानुवर्षं चालतो. २ बाय ३ फुटांचं ६ मिमी प्लायवूड, त्यावर चारही बाजूंनी ३ इंच जादा फ्लॅनेल ताणून मागे स्टेपल. चित्रं ६ इंच उंच, पातळ कार्डशीटची, पाठीवर खरखरीत पॉलिश पेपरच्या (६० किंवा ८० नंबर) दोन पट्ट्या. जाड पुठ्ठ्याची चित्रं वजनाने घसरतात. फलक किंचित मागे कललेला ठेवा. गोष्टीपुरता पंखा बंद, नाहीतर कावळा पाऊस यायच्या आधीच उडेल.

"थांब, माझ्या बाळाला..." हे पालुपद पाच वेळा घ्या: अंग पुसते, पावडर लावते, काजळ घालते, झबलं घालते, निजवते. प्रत्येकाला हाताची एक कृती. तिसऱ्या वेळेपासून दार मुलंच वाजवतात. घरात हिंदी किंवा तेलुगू बोलणारी मुलंही इथेच गोष्टीत शिरतात, कारण वाक्य तेच राहतं आणि फक्त कृती बदलते.

शेवट आधी ठरवून ठेवा. काही घरांत ही गोष्ट कावळा पोळण्यावर संपते आणि ३ वर्षांची काही मुलं त्याला घाबरून रडतात. दार उघडून त्याला आत घेतलं, कोरडं केलं, एवढ्यावर थांबलात तरी चालतं. फक्त पुढच्या वेळी तोच शेवट सांगा. बदललात तर मुलं मध्येच अडवतात.

तालुका_वाचनालय
रविवार सकाळ १० पक्की केली. फलकाचं प्लायवूड उद्या कापायला टाकते, स्केच पेनं तपासून कळवते.

कागदकात्री
पेनं तपासाल तेव्हा थेंब टाकण्याआधी शाई १० मिनिटं वाळू द्या. मुलांचं रंगवून होईस्तोवर तेवढा वेळ जातोच. ताजी शाई कशीही ओघळते, त्यावरून काही कळत नाही.