मदत हवी आहे : केळीचे उत्पन्न न धरता ठरलेली मुलाची पोटगी

नमस्कार मंडळी. माझ्या धाकट्या बहिणीच्या सहा वर्षांच्या मुलासाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 144 खाली (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम 125) दंडाधिकाऱ्यांनी दरमहा 4,000 रुपये पोटगी नुकतीच मंजूर केली आहे.

मुलाच्या वडिलांनी प्रतिज्ञापत्रात फक्त दुकानातील नोकरीचा पगार दाखवला. रावेर तालुक्यातील बागायती जमिनीचा सातबारा त्यांच्या वडिलांच्या नावावर असला, तरी केळीची बाग प्रत्यक्षात मुलाचे वडीलच कसतात आणि व्यापाऱ्यांकडून पैसेही तेच घेतात, हे गावात सर्वांना ठाऊक आहे. पण गावाला ठाऊक असणे म्हणजे पुरावा नव्हे. शेतीचे उत्पन्न आयकरमुक्त असल्याने विवरणपत्रातूनही फारसे हाती लागत नाही.

कलम 146 नुसार रक्कम वाढवून मागायची, तर परिस्थितीत बदल झाल्याचे दाखवावे लागते. आमची तक्रार मात्र मुळातल्या हिशेबाबद्दल आहे, म्हणून सत्र न्यायालयात पुनरीक्षण अर्ज (खालच्या न्यायालयाचा आदेश तपासून पाहण्याची विनंती) करावा असे मला वाटते. त्याची 90 दिवसांची मुदत अजून शिल्लक आहे.

रजनेश विरुद्ध नेहा (2020) या निकालात सर्वोच्च न्यायालयाने मालमत्ता व दायित्वांचे सविस्तर प्रतिज्ञापत्र आवश्यक ठरवले आहे. त्याच्या आधारे बँकेचे उतारे, पीक विम्याची कागदपत्रे आणि केळी खरेदीच्या पावत्या मागवून घेण्याची विनंती पुनरीक्षणात करता येते का, की त्यासाठी प्रकरण फेरचौकशीला परत पाठवण्याची मागणी करावी लागते? जळगाव, धुळे भागात असे प्रकरण चालवलेल्या वकील मंडळींनी किंवा यातून गेलेल्या कुणी कृपया मार्गदर्शन करावे.